डॅशबोर्डवरचे काटे नाचू लागले तर

गणेशोत्सवात संध्याकाळच्या आरतीनंतर गाड्यांपाशी उभे राहून गप्पा चालल्या होत्या. एक परिचित म्हणाले, "आमच्या गाडीचा टेम्परेचरचा काटा हल्ली मधूनच वर चढतो आणि आपोआप खाली येतो. गॅरेजवाला म्हणतो मीटर खराब आहे, चालू द्या." आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. हेच वाक्य आम्हीही एकदा ऐकले होते, त्यावर विश्वास ठेवला होता आणि त्यापायी एक इंजिन व एक मुंज दोन्ही गमावले होते. तेव्हाच ठरवले की मंडळाच्या सभासदांसाठी हे एकदा सविस्तर लिहावे.

आम्ही इंजिनिअर नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि आयुष्यभर खात्यांचे ताळे जमवले. पण इंद्रपुरीत राहण्याचा एक फायदा असा की दर चार घरांआड भेलमधून निवृत्त झालेले कोणीतरी असते, आणि विजेचा विषय निघाला की ते चहा होईपर्यंत तरी थांबत नाहीत. त्यांच्याकडून शिकलेले आणि स्वतःच्या गाडीवर हात काळे करून पाहिलेले, एवढेच येथे आहे.

आधी आमची हकिकत. मे महिना होता. नागपूरला नात्यातल्या एका मुलाची मुंज होती. त्याआधी पंधरा दिवसांपासून रायसेन रोडवर जाता-येता टेम्परेचरचा काटा वर जाई आणि थोड्या वेळाने परत मध्यावर येई. गाडी गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने इंजिन चालू करून दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "अंकलजी, मीटर की सुई ढीली है, गाड़ी एकदम बढ़िया है." आम्हालाही तेच ऐकायचे होते. पहाटे पाचला निघालो. ओबेदुल्लागंज, होशंगाबाद म्हणजे आताचे नर्मदापुरम, इटारसी, सगळे सुरळीत पार पडले. शाहपूर ओलांडून बरेठा घाट चढताना काटा लालजवळ गेला. आम्ही जरा घाबरलो, तेवढ्यात तो सरसर खाली आला, नेहमीपेक्षाही खाली. "चला, थंड झाली," असे म्हणून आम्ही थर्मासमधला चहा काढला. पाच-सात मिनिटांत आत गोडसर वास येऊ लागला, बॉनेटच्या कडेने वाफ निघाली आणि गाडी ओढेना. मग ती बंद पडली ती तिथेच.

बैतूलच्या मिस्त्रीने नंतर दाखवले. रेडिएटरच्या एका रबरी नळीच्या क्लॅम्पपाशी बारीक गळती होती. कूलंट थेंबाथेंबाने कित्येक दिवस जात होते. कमी झालेल्या पाण्यात हवा शिरली. हवेचा फुगा सेन्सरपाशी आला की काटा एक दाखवी, पाणी आले की दुसरे. घाटात उरलेसुरले पाणी उकळून गेले आणि सेन्सर नुसताच हवेत लोंबकळत राहिला. पाण्याचे तापमान मोजणाऱ्या यंत्राभोवती पाणीच नसेल तर ते काय मोजणार? काटा खाली आला तेव्हा आतले इंजिन भाजत होते. हेड वाकले, गास्केट गेले, बिल 32 हजारांच्या वर. गाडी बैतूलला ठेवून आम्ही रेल्वेने नागपूर गाठले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता आणि मांडवात दुसरी पंगत उठत होती.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो ती हीच. टेम्परेचरचा काटा विचित्र वागू लागला तर मीटरवर संशय घेण्याआधी पाणी पाहा. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीचे बॉनेट उघडायचे आणि कूलंटच्या पांढऱ्या टाकीत पातळी किमान आणि कमाल या दोन रेषांमध्ये आहे का ते बघायचे. रेडिएटरला वेगळे झाकण असेल तर तेही थंड गाडीतच उघडून आत काठापर्यंत पाणी आहे ना ते पाहायचे, कारण कधीकधी बाहेरची टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. गरम गाडीचे झाकण कधीही, कोणाच्याही आग्रहाने उघडू नये. पाणी आत दाबाखाली असते. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 500 मीटर उंच, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. बंद रेडिएटरमध्ये दाब आणि कूलंटमधले ग्लायकॉल यांमुळे ते 120 अंशांच्या जवळपासही द्रवच राहू शकते. झाकण काढले की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

दुसरी युक्ती रस्त्यावर करायची आहे, आणि ती आम्हाला त्या दिवशी माहीत असती तर इंजिन वाचले असते. गाडी चांगली गरम झालेली असताना हीटर पूर्ण गरमवर करून पंखा चालू करा. हीटरमध्ये वेगळी शेगडी वगैरे नसते, इंजिनचेच गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरते आणि पंखा त्यावरून हवा फेकतो. गरम हवा आली तर पाणी आहे आणि फिरते आहे. काटा नाचतो आहे आणि हीटरमधून मात्र गार हवा येते आहे, असे झाले तर पाणी संपले आहे किंवा पंप फिरत नाही. गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करायचे. आता मे महिन्यात भोपाळमध्ये हीटर कोण लावणार, हा प्रश्न आमच्या घरातही विचारला गेला. उत्तर एवढेच की अर्धा मिनिट घाम आला तरी हेडच्या बिलापेक्षा तो स्वस्त पडतो.

पाणी पूर्ण आहे आणि तरीही काटा वरखाली होतो, असे असेल तर तो कधी वर जातो याची दोन-चार दिवस नोंद ठेवा. पिपलानीच्या गर्दीत उभे असताना वर जाऊन रस्ता मोकळा झाला की उतरत असेल तर रेडिएटरचा पंखा किंवा त्याचा रिले पाहायचा, कारण चालत्या गाडीला वारा मिळतो आणि उभ्या गाडीला फक्त पंखाच असतो. उलट गावात ठीक आणि घाटात किंवा हायवेवर गरम, असे असेल तर रेडिएटर आतून चोंदलेला असू शकतो. सकाळी निघाल्यावर एकदा खूप वर जाऊन धपकन खाली येत असेल तर थर्मोस्टॅट अडकत उघडतो आहे. हे तिन्ही दोष खरे आहेत, त्यात मीटरचा काहीच अपराध नाही.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. लोखंड आणि पाणी तापायला मिनिटे लागतात, तारेतला दोष क्षणात दिसतो. रात्रभर थंड असलेल्या गाडीत किल्ली फिरवताच दोन सेकंदांत काटा लालवर गेला तर तो दोष तारेचा किंवा सेन्सरचा आहे, कारण दोन सेकंदांत इंजिन तापतच नाही. खड्ड्यात चाक गेले की काटा उडतो, ब्रेक दाबला की हलतो, हेडलाइट लावला की उतरतो, ही सगळी विजेची लक्षणे. याला अपवाद फक्त वर सांगितलेल्या हवेच्या फुग्याचा. तोही काट्याला पटकन हलवतो, म्हणून पाण्याची तपासणी आधी.

आता मीटरकडे वळू. बँकेत दिवसाअखेर ताळा जमला नाही की पहिला प्रश्न असे: फरक एकाच खात्यात आहे की सगळीकडे? एकाच खात्यात असेल तर ते खाते काढून बसायचे. सगळीकडे असेल तर खातेदारांना दोष देण्यात अर्थ नसतो, चूक सगळ्यांना सामाईक असलेल्या जागी असते. गाडीचेही नेमके तसेच आहे. पेट्रोल, टेम्परेचर, वेग, सगळेच काटे एकदम उतरतात किंवा थरथरतात तेव्हा चार सेन्सर एकाच दिवशी बिघडलेले नसतात. तेव्हा बॅटरी, अर्थ आणि मीटरचा फ्यूज यांच्याकडे जायचे.

अर्थ म्हणजे काय हे घरच्या अर्थिंगवरून लगेच कळत नाही, म्हणून थोडे थांबतो. गाडीत प्रत्येक दिव्याला, सेन्सरला जाणारी तार बहुधा एकच असते. परतीची वाट म्हणून गाडीचे लोखंडी अंगच वापरलेले असते. बॅटरीचा वजा टोक जाड पट्टीने बॉडीला आणि इंजिनला जोडलेला असतो. ही पट्टी गंजली किंवा तिचा बोल्ट सैल झाला की परतीचा प्रवाह अडतो आणि दुसऱ्या वाटा शोधतो. जुन्या गाड्यांत तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जाई आणि केबल तापत असे. सेन्सर ज्या लोखंडाला शून्य समजून मोजतो ते लोखंडच शून्यावर नसेल तर काटा खरे कसे सांगणार? आणि हेडलाइट, मागचा डिफॉगर यांसारखे जास्त प्रवाहाचे सामान लावले की ही अडचण वाढते, म्हणून दिवे लावताच काटे हलतात.

आमच्याच सेक्टरमधल्या एका घरी हेच झाले. इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर पेट्रोलचा काटा टिचक्या मारी. एका दुकानात सांगण्यात आले की संपूर्ण मीटर बदलावा लागेल. त्यांनी जुन्या बाजारातून मीटर आणून बसवला. काटा नव्या मीटरमध्येही तितक्याच तालात नाचू लागला. शेवटी भेलमधले एक काका मल्टिमीटर घेऊन आले, आणि गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी पट्टी हाताने ओढताच त्यांच्या हातात आली. दीडशे रुपयांत काम झाले. आता मात्र मीटरवरचे किलोमीटर आणि गाडीचे खरे किलोमीटर जुळत नाहीत, आणि गाडी विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ती कथा सांगावी लागेल. कोणाला मीटर खरोखरच बदलावा लागला तर जुन्या आकड्याची नोंद बिलावर करून घ्यावी.

घरी करण्याजोगी तपासणी अशी. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, त्याच्यासाठी फार पैसे पडत नाहीत. गाडी काही तास उभी असताना बॅटरीच्या दोन टोकांवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे सुमारे निम्मी. इंजिन चालू केल्यावर साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. (नव्या काही गाड्या पेट्रोल वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, तेव्हा थोडा फरक दिसला म्हणून घाबरू नये.) मग इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू ठेवून मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या वजा टोकावर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर टेकवा. येथे जवळजवळ शून्य यायला हवे. 0.1 किंवा फार तर 0.2 व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून जास्त आले तर वाट अडलेली आहे. तसेच बॉडीवर टेकवून पाहा. हात, मफलर, साडीचा पदर पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून दूर. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने धुवावी. काढताना वजाची तार आधी, लावताना ती शेवटी. कोरडे झाल्यावर घट्ट आवळून थोडे व्हॅसलीन लावावे. अर्ध्याहून अधिक नाचणारे काटे एवढ्यावरच शांत होतात, असे आमचे भेलवाले काका म्हणतात. आम्ही मोजलेले नाही, पण आमच्या ओळखीत त्यांचे म्हणणे खोटे ठरलेले नाही.

याशिवाय दोन गोष्टींची चौकशी करावी. अलीकडे गाडीत काही बसवले का? म्युझिक सिस्टिम, मागचा कॅमेरा, जास्त उजेडाचे दिवे, ट्रॅकर. बसवणारा घाईत मीटरच्या जवळचीच एखादी तार सोलून तिथून वीज घेतो. आणि दुसरे म्हणजे उंदीर. पावसाळ्यात गुलमोहराखाली दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये त्यांना उबदार घर मिळते. आमच्याकडे एकदा टेम्परेचरची तार अर्धवट कुरतडलेली निघाली. गाडी कोरडी असताना ठीक, पाऊस आला की काटा थंडवर. साध्या एक-तारी सेन्सरमध्ये तार तुटली की काटा थंडवर पडतो आणि तीच तार सोलून बॉडीला लागली की गरमवर चिकटतो, एवढे लक्षात ठेवले तर मेकॅनिकशी बोलणे सोपे जाते. नव्या गाडीत मात्र तारा काढून बॉडीला टेकवून पाहण्याचे जुने प्रयोग करू देऊ नयेत. आणि स्टिअरिंगखालच्या पिवळ्या जोडण्यांना हात लावू नये, त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

नव्या गाड्यांत काटा सेन्सरशी थेट जोडलेलाच नसतो. सेन्सर इंजिनच्या संगणकाला सांगतो आणि तो दोन तारांच्या एका सामाईक वाटेवरून मीटरला निरोप पाठवतो. बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडलेली ही कॅन नावाची पद्धत आता सर्वत्र आहे. तिचा एक परिणाम असा की टेम्परेचरचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. नेहमीच्या तापमानात दहा-वीस अंशांचा फरक झाला तरी तो मध्यावरून हलत नाही, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरत नाही. तेव्हा अशा गाडीत काटा मध्य सोडून वर सरकला तर ती सुरुवात नसते, बरेच काही आधीच घडलेले असते.

अशा गाडीसाठी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मिळतो. मोबाइलवर कूलंटचे तापमान आकड्यांत दिसते, साधारण 85 ते 100 अंश. ही दुसरी वही समजा. आकडा स्थिर आणि काटा नाचतो, तर दोष मीटरचा किंवा त्याच्या जोडणीचा. आकडाही नाचतो, तर सेन्सर, त्याची तार किंवा खरेच पाणी. कोडही दिसतात: पी0117 आणि पी0118 हे या सेन्सरच्या वाटेतल्या दोषाचे, पी0128 थर्मोस्टॅटकडे बोट दाखवणारा, पी0460 पेट्रोलच्या मापाचा. मात्र दोन्ही वह्या एकाच सेन्सरवरून लिहिल्या जात असतील तर त्या जुळल्या म्हणून खऱ्या ठरत नाहीत, हे ऑडिट केलेल्या माणसाला सांगायला नको. त्यासाठी हीटरची युक्ती आहेच.

पेट्रोलचा काटा त्यामानाने निरुपद्रवी. टाकीत एक तरंगता फुगा, त्याला दांडी, आणि दांडीचे टोक एका पट्टीवर सरकते. पट्टी नेहमीच्या जागी झिजली की काटा नेमका त्या पातळीला वेडा होतो, वर आणि खाली मात्र ठीक असतो. उतारावर उभ्या गाडीत तो चुकीचे दाखवतो, तो दोष नव्हे. आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या वाढल्या आहेत. त्यात पेट्रोल महिनोन्महिने तळाशी राहते, फुगा एकाच जागी पडून अडकतो, आणि पंप कोरडा पडून जळतो तो वेगळाच. थोडे पेट्रोल नेहमी ठेवावे आणि अधूनमधून त्यावर गाडी चालवावी. सीएनजीचे चार दिवे दाबावरून लागतात, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी एक दिवा कमी दिसला तर गॅस कोणी काढून नेलेला नसतो, गारठ्याने दाब उतरलेला असतो. टाकीवरचे झाकण उघडून फुगा तपासणे घरी करू नये, पेट्रोलच्या वाफेशी खेळ नको. तोवर टाकी फुल्ल करून ट्रिप मीटर शून्य करावा आणि किलोमीटरचा हिशोब डायरीत ठेवावा. आम्ही काटा ठीक असतानाही ठेवतो, त्यावरून घरात चेष्टा होते ती सोडा.

वेगाचा काटा मोबाइलपेक्षा चार-पाच किलोमीटर जास्त दाखवतो, ही तक्रार नेहमी येते. तो दोष नाही. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक 39 प्रमाणे स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही, जास्त दाखवले तर दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत चालते. 1902 मध्ये जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी पेटंट घेतलेला चुंबकाचा जुना स्पीडोमीटर असेल आणि काटा थरथरत असेल तर केबल कोरडी झाली आहे, ग्रीस घालावे. नव्यात काटा अचानक शून्यावर पडून एबीएसचा दिवाही लागला तर चाकाजवळचा सेन्सर.

ऑइलचा लाल दिवा मात्र या सगळ्यांतून वेगळा काढा. चालत्या गाडीत तो लागला तर सेन्सर खराब असेल असे म्हणून घरापर्यंत जाऊ नका. लगेच बंद करा आणि थोड्या वेळाने डिपस्टिक काढून पाहा. तो दिवा खोटा निघाला तर टोइंगचे पैसे गेले, खरा निघाला आणि आपण चालवत राहिलो तर काही मिनिटांत इंजिन गेले.

गरमचा काटा रस्त्यात वर गेला आणि वाफ नसेल तर एसी बंद, हीटर पूर्ण, गाडी सावलीला. वाफ किंवा गोडसर वास असेल तर इंजिन बंदच. निदान पाऊण तास झाकणाला हात नाही, आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणे नाही, भले आजूबाजूचे चार जण बाटल्या घेऊन धावत येवोत.

आमच्या गाडीत आता डिकीत दोन लिटर कूलंट, ग्लव्ह बॉक्समध्ये मल्टिमीटर आणि स्कॅनर असतो. ज्यांना आपल्या गाडीचा अर्थ तपासून पाहायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे. पाणी तपासायचे असेल तर गाडी येताना तापलेलीच असणार, तेव्हा आधी बसून चहा घ्यावा लागेल, बॉनेट मग उघडू.